खारट भिंती

आमचं चर्च आधी माशांचं गोदाम होतं.
माझ्या आजोबांनी इथं बत्तीस वर्षं कॉड खारवला.
वेदी आहे तिथं पिंपं असायची.
बिशपांनी येऊन पाणी शिंपडलं, तेल लावलं,
भिंतींना तीनदा रंग झाला,
तरी बॉयलर तापला की वास येतोच.
जसिंता म्हणते, येऊ दे की,
त्या पहिल्या बारा जणांच्या अंगाला
काय अत्तराचा येत होता?

ती कारखान्यात मासे कापते.
जाफन्याहून आली होती, दोन वर्षांसाठी.
त्याला आता सव्वीस झाली.

नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो आमचा,
जानेवारी अर्धा उलटेपर्यंत फिरकत नाही.
दुपारच्या मिस्सेलाही दारावर दिवा लागतो.
तो लावायचा मी. बर्फ ओढायचा मी.
बॉयलरशी भांडायचं तेही मीच.
माझा बाप्तिस्मा टेकडीवरच्या पांढऱ्या चर्चमधला, ल्युथरवाल्यांच्या.
इथं माझी नेमणूक किल्ल्यांपुरती.

बूट काढायची रीत लेतेब्रहानबाईंनी आणली.
आमच्याकडे एरिट्रियात असंच, म्हणाल्या, ही पवित्र जमीन,
आणि उणे अठरात मोज्यांवर उभ्या राहिल्या.
पोलिश मंडळी कुरकुरली.
झ्बिग्न्येवच्या मोज्याला भोक होतं.
फादर थुआन दोन रविवार गप्प बसले,
तिसऱ्याला स्वतःच अनवाणी वेदीपाशी आले.
विषय संपला.

म्हणजे तो एक.
बाकी मेणबत्त्या खऱ्या की विजेच्या,
पोलंडची सावळी माउली उजवीकडे की फिलिपिन्सचा बाळ येशू,
मिस्सेनंतरचा भात चिकट की मोकळा,
हे दर आठवड्याला नव्यानं.
नॉर्वेजियन सगळ्यांचीच मोडकी,
म्हणून भांडण लांबतं,
आणि मनाजोगती शिवी कुणालाच सापडत नाही,
म्हणून मिटतं.

गेल्या डिसेंबरात मिस्सा चालू असताना
बॉयलर थंड पडला.
मी तळघरात उतरलो. झडप, पाना, काजळी.
वर त्यांची गाणी; पाच भाषांतली, एका चालीत बसवलेली,
कोपरं बाहेर आलेली.
आग धरली तशी ऊब आली,
उबेला टेकून माझा डोळा लागला.

वर लोक निघाले. आपापले बूट शोधले, अदलाबदली झाली,
एक जोड उरला.

मला हे नंतर कळलं:
ग्लिसेरियानं बोटांवर माणसं मोजली, दोनदा.
ओस्वाल्दोनं ट्रॉलरवर फोन लावले.
असल्या काळोखात बर्फात
बुटांशिवाय कोण गेलं असेल?
चौघं टॉर्च घेऊन धक्क्यापर्यंत धावले,
पाण्यावर उजेड टाकून हाका मारू लागले,
कुणाच्या नावानं मारायच्या
ते ठाऊक नसताना.

मी जिना चढून आलो, कोपरापर्यंत काळा.
म्हटलं, कोण हरवलंय?
लेतेब्रहानबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं.

बॉयलरच्या खोलीत जायला
बूट काढावे लागत नाहीत.
कधीपासून काढतोय,
खरंच आठवत नाही.

जसिंता मात्र तडकली. बुटांतला एक माझ्याकडे भिरकावला,
तमिळमध्ये काहीतरी म्हणाली, लांबलचक,
शिवीच असावी,
मग धक्क्यावरच्यांना आवाज द्यायला बाहेर पळाली:
या परत, सापडला, आपलाच आहे.

वास भिंतींतून हळूहळू सुटत होता.
भात गार झाला होता.
चिकट होता.