दोनतारी

इतवारीत भट्टीपाशी बावीस वर्षं झाली.
पाकाची तार मी डोळे मिटून सांगतो:
अंगठा, बोट, आणि मधे
एक धागा की दोन, एवढाच प्रश्न.
बाकीच्या प्रश्नांना मी सहसा हात घालत नाही.

आर्वीला गेल्या उन्हाळ्यात शुगर निघाली.
नाव तिच्या आईच्या माहेरावरून. वय तेव्हा साडेचार.
रात्रीतून चार-चारदा पाणी मागायची,
आम्ही म्हटलं, ऊनच आहे बापा, सत्तेचाळीस,
कूलरसुद्धा घटाघटा पितो.
मग मेडिकलच्या वॉर्डात
एका शिकाऊ डॉक्टरणीनं
सुई कशी टोचायची ते संत्र्यावर दाखवलं.
संत्र्यावर.
मी जन्मभर संत्र्यात फक्त साखर घातली होती.

आता कामावरून आलो की
आधी अंगणातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात.
पूर्वी ती माझी बोटं चाटायची.
आता नुसती हुंगते, आणि विचारते,
"बाबा, आज पेढे होते ना?"

मालकानं नवं शोकेस लावलं,
हिरव्या अक्षरांत शुगर-फ्री.
एक डबा मी पगारातून कापून घरी आणला.
मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत:
लहान मुलांसाठी शिफारस नाही.
मेहुणा म्हणाला, तिकडे परदेशात पाण्यासारखं पितात.
शेजारी म्हणाले, कॅन्सर.
सासूबाई म्हणाल्या, ते पानाचं आणा, पानानं काय होते?
तीन रात्री डबा फ्रिजवर राहिला, न फोडलेला.

डॉक्टरणीनं डबा उलटा करून वाचला.
"विष नाही हे. कधीतरी, थोडं, चालेल.
पण बर्फीत खवा आहेच, तो मोजावाच लागेल.
आणि रोज नको.
रोज एवढं गोड खाल्लं
तर पेरू फिका लागेल तिला."
थोडं म्हणजे किती? मला ग्रॅम लागतात.
ती हसली. "वजनावर हिशेब असतो, दादा.
सोळा किलोचं लेकरू आहे."
सोळा किलो. आमची लहान कढई
याहून जड उतरते भट्टीवरून.

तान्ह्या पोळ्याला ती लाकडी बैल घेऊन निघाली,
शिंगांना बेगड, एक चाक कुरकुरणारं.
घरोघरी बोजारा, कुणी दहाची नोट, कुणी पेढा.
पेढा माझ्या हातात देते, नोट स्वतःच्या फ्रॉकात.
मी मागे चालतो, खिशात मशीन,
तळहातावर पेढ्यांचा ढीग, गावातला सगळ्यात श्रीमंत भिकारी.

लोणारेकाकूंच्या ओट्यावर तिचा हात थरथरला.
दोरी सुटली.
काजळ घामासोबत गालावर आलं.
काकू आत धावल्या आणि खास तिच्यासाठी
बर्डीवरून आणून ठेवलेला लाडू घेऊन आल्या:
"खाय माय, याच्यात साखर नाही, तुले चालते."

मशीनवर बावन्न.

काकूंचा हात मी बाजूला सारला,
जरा जोरातच.
"साखर आणा. डब्यातली. खरी. पाण्यात घोळून."
बावीस वर्षं पोत्यांनी ओतलेली वस्तू
पहिल्यांदा ओरडून मागितली.
खिशात ग्लुकोजची पुडी होती,
हे मला नंतर आठवलं.

दोन चमचे. ती प्यायली, डोळे मिटून,
अधाशासारखी,
आणि मी ओट्यावर बसून
पंधरा मिनिटं बैलाचं चाक फिरवत राहिलो.

अठ्ठ्याऐंशी.

काकू अजून लाडू धरून उभ्या होत्या.
"मंग गोड चालते का नाही तिले? नीट सांगा ना, भाऊ."
मी तोंड उघडलं. मिटलं.
आर्वीच्या ओठाकडेला ओला दाणा चिकटला होता.
तो पुसला, आणि सवयीनं
अंगठा-बोट ताणून पाहिलं.
धागा काही निघाला नाही.

"काकू, बोजारा?" आर्वी म्हणाली,
आणि दोरी उचलली.
गल्लीत अजून अकरा घरं होती.