टक्

कोरगावच्या सखल शेतांत भात कापून झालं
की धसकटं उरतात, आणि मेरा.
मेरांनी केलेलं सगळं चौकोनी,
ह्यांना मैदान हवं लंबगोल.
तीन मालकांच्या हद्दी ओलांडून चुन्याची रेघ गेली
तेव्हा पुंडलिक शेटगावकर म्हणाला,
माझ्या आज्याला कोर्टात जाऊन जमलं नाही
ते ह्या गोऱ्यांनी चुन्याच्या एका पिशवीत केलं.

ग्लेन, ब्रॉडी, आणि तो लाल दाढीवाला
ज्याचं नाव गावात कुणालाच नीट घेता येत नाही.
कुणी होड्या दुरुस्त करतं, कुणी नुसतंच राहतं.
ऑस्ट्रेलियातला आपला खेळ त्यांनी सामानातून आणला,
माणसं तेवढी आणता आली नाहीत.
अठरा लागतात. ते नऊ.
बाकीचे आमचे: वेटर, रंगारी, पोदेराचे दोन मुलगे,
आणि जेसीबी चालवणारा दत्तेश.

चेंडू असोल्या नारळासारखा.
खाली आपटला की कुठं जाईल
ते त्याचं त्याला ठाऊक नसतं.

मला खांबांपाशी उभं केलं.
तेवीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होतो,
झेंडे धरायची सवय, एवढीच माझी लायकी.
भाच्याचा लॅबोरेटरीतला पांढरा कोट,
बाही कोपरापाशी पिवळी.
बांबू चार. मधले दोन उंच, कडेचे ठेंगणे.
उंचांमधून गेला तर सहा गुण, दोन झेंडे.
उंच-ठेंगण्यांमधून गेला तर एक गुण, एक झेंडा.
उंच बांबूला नुसता घासला तरी एकच.
म्हणजे चुकलं तरी काहीतरी मिळतं, मी घरी सांगितलं.
बायको भाकरी थापता थापता म्हणाली,
हा खेळ इतकी वर्षं कुठं होता?

काजू लागले होते. उन्हात उर्राकाचा वास.
बंगळुरूचा संघ आलेला, सगळ्यांच्या पोटऱ्या एकसारख्या.
ते त्रेसष्ट, आम्ही एकसष्ट.
पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला: वेळ संपली.
पण दत्तेशनं चेंडू हवेतच झेलला होता,
आणि झेलणाऱ्याला एक लाथ शिल्लक असते,
भोंगा वाजल्यावरही.

आयुष्यात त्याचा एकही गोल नाही.
सगळे गप्प. मेरेवर बसलेल्या बायकासुद्धा.
पुंडलिकाची म्हैस तेवढी चरत होती.

चेंडू उंच गेला. बरोबर मधोमध, सगळ्यांना दिसलं.
मैदान ओरडलं, ब्रॉडीनं कुणाला तरी उचललं,
आणि मला ऐकू आलं
टक्.

सुक्या बांबूवर चामडं. इतकंसं.
दोन स्टेशनं दूरची मालगाडी ज्याला कळायची
त्या कानाला मी काय सांगू?

एक बोट वर केलं.
एक झेंडा हलवला. दुसरा बगलेत धरून ठेवला,
हात कापत होता म्हणून घट्ट.

बासष्ट.

संध्याकाळी मी बांबू उपटत होतो.
उर्राकाचे ग्लास, दोन्ही संघांची गाणी,
मला कुणी काही बोललं नाही, तेही ऐकू येत होतं.
दत्तेश आला, दुसरं टोक खांद्यावर घेतलं.
पुंडलिकाच्या खळ्यापर्यंत आम्ही
पुढं-मागं चालत गेलो.

बांबू ठेवताना तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता,
मलाही ऐकू आली रे.