एकोणीस दिवस

एकोणीस दिवसांचा विमा मिळतो का हो, मी विचारलं,
आणि खुशाल निनावेंनी
तर्रीची प्लेट बाजूला सरकवली.
गिरिपेठेत आरटीओसमोर, कडुनिंबाखाली त्यांचं दुकान:
घडीचं टेबल, प्रिंटर,
लॅमिनेशनच्या मशीनवर वाळत घातलेला दुपट्टा.
"एकोणीसच काऊन बाप्पा?
वीस नाही, महिना नाही?"

मी सांगितलं,
गाडी विकली आहे, पण अजून गेलेली नाही.
काटोलच्या शाळेतल्या गजघाटे क्लार्कनी बयाणा दिला,
त्यांचं पतसंस्थेचं कर्ज एकोणीस दिवसांनी सुटतं.
तोवर ती मानेवाड्याला आमच्या जिन्याखाली,
पॉलिसी एप्रिलातच संपलेली.
यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
दिवसाआड धंतोलीला दाब मोजायला न्यायचं.
लायसन्स माझं, सत्तावन्नाव्या वर्षी काढलेलं.
त्यातल्या फोटोत मी कुणाची तरी माफी मागतेय असं वाटतं.

"ताई, खोली भेटते महिन्याची,
मांडव भेटते दिवसाचा,
कूलर भेटते उन्हाळ्यापुरता.
गाडीचा विमा मात्र सालाचा.
घ्या, नाहीतर गाडीले झाकून ठेवा."

सदरच्या ऑफिसात एसी होता, म्हणून जरा जास्तच बसले.
मुलगी म्हणाली, जितकं चालवाल तितकंच भरा, असंही असतं.
पण तेही वर्षाचंच.
आणि गाडी चौदा वर्षांची म्हटल्यावर
तिनं पेनाचं टोपण लावलं.

दिघोरीचा भाचा फोनवर हसला.
मामी, कोण पाहून रायलं?
मेडिकल चौकातला पोलीस आपल्या ओळखीचा आहे.

त्या रात्री कूलर घरघरत होता
आणि मी लाइट बिलाच्या पाठीवर लिहीत होते:
ऑटो, जाऊन येऊन, दोनशे ऐंशी.
नऊ फेऱ्या, दोन हजार पाचशे वीस.
सगळ्यात स्वस्त विमा, फक्त थर्ड पार्टीचा,
दोन हजार चारशे एकाहत्तर.
एकोणपन्नास रुपयांचा फायदा,
पेट्रोल धरलं नाही तर.

थर्ड पार्टी.
पहिली मी, दुसरी कंपनी,
आणि हा तिसरा कोण,
जो अजून मला भेटलेला नाही?
मेडिकल चौकात सायकलला डबा अडकवून
तो कुठल्याही सकाळी डावीकडून येऊ शकतो.
त्याची ओळख कुठल्या पोलिसाशी असेल?
बिल उलटं केलं. लाइटचेही भरायचे होते.

सकाळी निनावेंनी कागद काढून दिला, अजून गरम.
मग नऊ वेळा, चव्वेचाळीस डिग्रीत,
काळा चष्मा लावून हे माझ्या बाजूला,
आठवणीतला रस्ता मोठ्यानं वाचत:
"तुकडोजी चौक आला असेल. गिअर खाली घे.
आता उजवीकडे रसवंती."
रसवंती दोन वर्षांपूर्वीच उठली.
मी हो म्हटलं. गिअर खाली घेतला.

तिसरा माणूस मला रोज दिसायचा,
कधी हेल्मेट न घातलेला, कधी शाळेच्या गणवेशात,
एकदा तर थेट बोनेटसमोर, संत्र्यांची हातगाडी घेऊन.
त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

विसाव्या दिवशी गजघाटे आले, सोबत मेहुणा.
टायरला लाथ मारून पाहिली, डिक्की दोनदा उघडली.
यांनी हातानं चाचपत चावी दिली
आणि विचारलं, हॉर्न वाजतो ना?

"कागदपत्रं? इन्शुरन्स?"
आहे, मी म्हटलं. तुमच्या नावावर करून घ्या.
तीनशे शेहेचाळीस दिवस उरलेत.
गजघाटेंनी कागद उजेडात धरला,
"म्हणजे नवाच आहे की."
नाही हो, थोडा वापरलेला.