हळदीखालचा रंग

सकाळी सातला, गोदाम उघडायच्या आधी
मालन एडके लॅबच्या पायरीवर बसलेली असते.
उपाशी. हात घासूनघासून धुतलेले, तरी पिवळे.
"सांगलीची हळद हाय, मुजावर बाई,
सुटायची न्हाय.
मेल्यावर येगळी लावायला नको."

बोट टोचलं तर साखर अठ्ठ्याण्णव.
जेवून आली, एकशे चौतीस.
आणि तीन महिन्यांची सरासरी
सात पूर्णांक चार.
मागच्या खेपेला सात एक.
डॉक्टर बिरनाळ्यांनी गोळी वाढवली.
तिनं भात सोडला,
मग दुपारी पोत्यांच्या आडोशाला
शेंगदाण्यांबरोबर खायची तो गुळाचा खडाही.
"आता श्वास सोडायचा राहिलाय," म्हणाली.

तो तर जिन्याच्या चौथ्या पायरीवरच सुटत होता.
कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

त्या दिवशी सुट्टे पैसे काढताना
बटव्यातून पाटीवरची पेन्सिल पडली.
नातवाची का, विचारलं.
लाजली. "माझीच. चघळते.
मातीचा वास लई ग्वाड लागतो."

मी तिची पापणी खाली ओढली.
आत पांढरं.
हळद तिथवर पोचली नव्हती.

हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ.
काचेवर पेशी बारक्या, मधोमध फिकट,
धुऊन विटलेल्या टिकल्यांसारख्या.
पाळी महिन्यात दोनदा येत होती;
ते साखरेच्या डॉक्टरला कशाला सांगायचं?

तिला मी गोदामाच्याच भाषेत सांगितलं:
नवा माल येईना, की जुनी पोती हलत नाहीत.
थप्पीला पडून राहतात,
आणि जितकं जुनं पोतं
तितकी त्याच्यावर पूड जास्त.
तुझ्या रक्तात लोखंड नाही, नवी पेशी बनेना.
म्हाताऱ्या पेशी रेंगाळल्या,
रोज थोडी थोडी साखर अंगावर घेत.
आम्ही पोत्यावरची पूड मोजली
आणि म्हटलं, गोदामात हळद फार झाली.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "म्हंजे माझा गूळ
उगाच गेला व्हय?"

लोहाच्या गोळ्या. पाळीसाठी मिरजेच्या दवाखान्यात दोन चकरा.
बिरनाळ्यांनी वाढवलेली गोळी कमी केली,
फोनवर थोडे घुटमळले, पण केली.
पोट काळं होतं म्हणून ती माझ्यावर चिडली.
चार महिन्यांनी आकडा आला
सहा पूर्णांक दोन.
जेवणात बदल? काहीच नाही.
उलट गुळाचा खडा परत सुरू.

जुन्या रजिस्टरात सात पूर्णांक चार अजून आहे,
खाली माझी सही.
खोडायचं तर काय खोडू?
यंत्रानं जे होतं तेच मोजलं होतं.

आता सुई हातात घेण्याआधी
मी येणाऱ्या प्रत्येकीला म्हणते,
जरा वर बघा.