सात नंबरची सीट

त्रेलेऊ ते ब्वेनोस आइरेस, अठरा तास,
वारा आडवा असला तर एकोणीस.
मी दुसरा ड्रायव्हर. पहिला चालवतो तेव्हा
मी झोपायचं असतं. पण झोप कुठली.

एर्मिनिया पुग दर तीन महिन्यांनी सात नंबरवर.
जन्मभर लोकर निवडलेली बाई,
बोटांवर अजून मेंढीचा ओशटपणा.
दर दोन तासांनी उठायची, मागच्या संडासापर्यंत जायची,
परत यायची, मग चवड्यांवर वर-खाली, वर-खाली.
लोक कुरकुरायचे. मीही एकदा म्हणालो,
सेन्योरा, बसा ना जरा.

म्हणाली, मी बसले की रक्तही बसतं.

मग सांगत गेली, हवापाणी सांगावं तसं:
छातीतली गाठ काढली दोन वर्षांपूर्वी,
आता रोज एक पांढरी गोळी, पाच वर्षं.
ती गाठीला परत येऊ देत नाही,
पण रक्ताला गोठायची खोड लावते.
"दारात कुत्रा बांधला,
तर कधी घरच्यालाही चावायचा."
गुडघ्यापर्यंत आवळ मोजे, पाण्याची बाटली,
आणि पर्समध्ये शिंप्याची टेप.

ऑगस्टातली रात्र. सिएर्रा ग्रांदे मागे पडलं होतं.
तिने डोक्यावरचा दिवा लावला.
डावी पोटरी मोजली, उजवी मोजली,
पुन्हा डावी.
मालाची प्रत ठरवावी तशा आवाजात म्हणाली:
चार सेंटिमीटर. सकाळी दोन्ही सारख्या होत्या.
माझा हात धरून तिथे टेकवला.
मातेची किटली नुकती उतरवावी, तेवढी ऊब.

दुखतंय?
दुखणं राहू दे. श्वास अजून पुरतोय, तोवर चल.

नियमात बसत नाही. त्या पट्ट्यात कंपनीला फोन लागत नाही.
मी पहिल्याच्या खांद्यावर टिचकी मारली.
सान आन्तोनियोच्या फाट्याला
बेचाळीस माणसं झोपेतच वळली.

इस्पितळाच्या दारात ती उतरली,
माझा हात न धरता, टेप मुठीत घट्ट.
कुणी कुरकुरलं नाही.
खरं सांगायचं तर एकजण कुरकुरला.

पुन्हा गाठ पडली ती वसंतात.
पांढरी गोळी बदललेली, सोबत दुसरी, रक्त पातळ करणारी.
"आता दात घासले तरी हिरड्या रडतात," म्हणाली,
आणि सात नंबरवर मोजे नीट ओढून बसली.

हल्ली दर दोन तासांनी मीच दिवे लावतो.
उठा, म्हणतो, पाय मोकळे करा, सगळ्यांनी.
लोक शिव्या घालतात.
घालोत.