तिसरा रकाना

अर्जाचा कागद सान्तो दोमिंगोहून आला,
इतका पांढरा, की सोलांजने आधी हात धुतले,
झग्याला पुसले, मगच त्याला शिवली.
वर ठळक अक्षरं : आम्ही खाली सही करणारे.

मी वाचून दाखवलं, एकदा स्पॅनिशमधून, एकदा क्रेओलमधून.
म्हातारा मेर्सिद्यू म्हणाला, खाली म्हणजे किती खाली?
ऊसतोड्यांची अख्खी वस्ती हसली.
तो हसला नाही. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

रकाने तीन. नाव. सही.
आणि तिसरा, ओळखपत्राचा क्रमांक.

मागणी काय, तर आम्ही इथेच जन्मलो,
याच उसाच्या सरीत आमची नाळ पुरली,
तेव्हा आम्हाला ओळखपत्र द्यावं.
आणि सही धरणार कुणाची,
तर ज्याच्याकडे ओळखपत्र आहे त्याची.

विल्नेर थुंकला.
तहान लागलीय ना, म्हणाला,
मग आधी पाणी प्यायल्याची पावती दाखवा.

दिवे गेले. दुकानदाराने मेणबत्ती दिली, उधारीवर.
कागद तसाच टेबलावर. मळीचा गोडसर कुबट वास.
कुणीतरी म्हणालं, गुंडाळून ठेव, पोरी, कशाला ते.

मग मेर्सिद्यूने सदऱ्याच्या आतून पितळी बिल्ला काढला,
कारखान्याने दिलेला, वजनकाट्यावर
मोळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून.
चार हजार चारशे सतरा.
हा लिही. याच नंबरावर तोललाय मला जन्मभर.

मी लिहिला.

चूक केली असेन. कारण त्यानंतर कुणी थांबेना.
विल्नेरने चपलेचं माप घातलं, बेचाळीस, रागाने.
येनिसाने आठवीचे मार्क, एक्क्याण्णव,
ज्याच्या पुढच्या परीक्षेला तिला बसू दिलं नाही,
जन्मदाखला नाही म्हणून.
सोलांज बराच वेळ पेन हातात धरून.
मग तिने लेकाच्या कबरीचा नंबर टाकला,
नगरपालिकेच्या दफनभूमीतला, त्रेसष्ट,
आणि म्हणाली, हा मिळायला रांग नव्हती.

माझ्या नावापुढे मी काहीच लिहिलं नाही.
सुचलं नाही. अजून सुचत नाही.

राजधानीतल्या खिडकीमागे पंखा फिरत होता.
कारकून वाईट नव्हता. हे सांगायलाच हवं,
कारण परत गेल्यावर सगळ्यांना तो वाईटच हवा होता.
त्याने दोनशे बारा सह्या बोट ठेवून मोजल्या.
ग्राह्य धरल्या सहा :
पाद्री, नर्स, दुकानदार, दुकानदाराची तीन पोरं.
मेर्सिद्यूच्या अंगठ्यापाशी अडला.
हा अंगठा नाही, डाग आहे. रेषाच नाहीत याला.
कोयत्याच्या मुठीने खाल्ल्या, मी म्हटलं.
त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, क्षणभरच,
आणि शिक्का मारला. पोच दिली.

पोचेवर एक आकडा होता.
सरकारने आम्हाला दिलेला पहिला आकडा.

बसमध्ये मी तो पाठ केला, मुलं पाढे करतात तसा,
चुकायला नको म्हणून खिडकीबाहेरही पाहिलं नाही.
सोलांजने तो कोळशाने दारावर लिहून घेतला.
दारच पुढच्या वादळात गेलं, ही गोष्ट वेगळी.
मेर्सिद्यूचं म्हणणं, आता पुन्हा अर्ज करायचा
आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येकाने हाच घालायचा,
दोनशे बारा वेळा.
मग बघू, किती जणांना एकच माणूस म्हणतात ते.

नवा अर्ज मी लिहितेय.
वर तेच शब्द घालायचे का, यावर रात्र गेली.
खाली हा शब्द नकोच, विल्नेर हटून बसला.
मेर्सिद्यू बिल्ला झग्याच्या कडेने घासत होता, सोलांजच्या,
तिला न विचारता.
राहू दे, म्हणाला.
ऊस बुडख्यालाच गोड असतो.