लिंबू लावलेले हात

रेमेईच्या बोटांना मासळीचा वास येतो
आणि आज तिनं मासळीला हातही लावलेला नाही.

बुर्जासोतची प्रयोगशाळा, दुसरा मजला.
पाणी पंचवीस अंशांवर धरून ठेवलेलं,
वरून आर्गॉनची बारीक फुंकर,
आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड
आगाऊपणे पेल्यात उतरू नये म्हणून.
एक थेंब. मग थांबायचं.
काचेच्या इलेक्ट्रोडचं चित्त ठरेपर्यंत थांबायचं.
मग दुसरा.
अकरा वर्षं अशी थेंबाथेंबानं गेली, ती म्हणते,
तक्रार म्हणून नव्हे,
बाहेर जिन्यात ओरचाता पिता पिता.

पेल्यात जो आहे त्याला तीन हात.
मधे एक नायट्रोजन, त्याला फुटलेल्या तीन फांद्या,
प्रत्येकीच्या टोकाला आणखी एक नायट्रोजन,
ओंजळीत इलेक्ट्रॉनांची एक जोडी,
कुणाला तरी द्यायची म्हणून जपलेली.
मोरचुदाचा फिका थेंब आत पडला
की तिन्ही हात तांब्यावर मिटतात,
मधला खालून टेकू देतो,
आणि निळा रंग असा गडद होतो
की दौतीत डोकावल्यासारखं वाटतं.
किती घट्ट? रेमेईच्या वहीत आहे:
एकावर जवळजवळ एकोणीस शून्यं.
तरी पाचवी जागा उघडी राहतेच.
तिथं पाण्याचा एक रेणू टेकतो,
दुसरं कुणी आलं की मुकाट उठतो.

हे झालं धन आयनाचं.
आमच्या भाषेत धन म्हणजे पैसा, ऋण म्हणजे कर्ज,
मी तिला सांगितलं.
ती हसली. मग आज कर्ज धरू या, म्हणाली.

नवा पेला. आम्ल. सामू पाचावर आणला.
आता तिन्ही हातांत एकेक प्रोटॉन.
तांबं एखादवेळी धक्के देत घुसेलही,
जस्ताला मात्र थारा नाही.
मधला चौथा रिताच:
सभोवती तिघे भारलेले,
त्याला आणखी एक सोसत नाही.
पण हेच हात, कालपर्यंत देणारे,
आता ऋणाकडे वळतात.
फॉस्फेट येतं, चार ऑक्सिजन सावरत,
अंगाभोवती पाण्याचा घोळका घेऊन.
तो घोळका आधी पांगवायचा
आणि पाणी कुणाला सहजी सोडत नाही.
जी पकड बसते ती हलकी,
झोपलेल्या पोराचा हात धरावा तशी.

तिचा मामा केलो अल्बुफेराच्या सरोवरात वाम धरायचा.
भातखाचरांतून खत झिरपत गेलं,
पाणी हिरवं झालं, तळ दिसेनासा झाला,
केलो पुढे ट्रक चालवू लागला.
त्या पाण्याची बाटली तिनं सोमवारी आणली होती,
कुणी सांगितलं नसताना.
आलेख काढला. हाती जवळजवळ काही नाही.
क्लोराइड होतं, सल्फेट होतं, गर्दी होती,
आणि तीन हात ते किती पुरणार.
तिनं तेही लिहून ठेवलं, तारखेसकट,
खाली रेघ न मारता.

संध्याकाळी काबान्यालच्या बाजारात तिची आई विसेंता
फळकूट धुऊन अर्धं लिंबू तळहातांवर चोळते,
मग उरलेलं लेकीच्या हातांवर.
मासळीचा वास तो अमाइनचाच, हवेत उडणारा.
आंबटातला प्रोटॉन येऊन बसला
की त्याचं उडणं संपतं.
विसेंताला प्रोटॉन माहीत नाही. लिंबू माहीत आहे.
रेमेईनं एकदा बर्फाच्या चुऱ्यात बोटानं
चित्र काढून सगळं समजावलं होतं,
तीन हात, मधला एक.
आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
बरं, म्हणाली, पण नखांच्या कडाही चोळ.

मग बादली उपडी झाली
आणि चित्र गेलं, खवल्यांसकट, मोरीकडे.